मशेरीच्या तव्यावरची भाकरी

…तर भुलीचे डॉक्टर हातातली सुई तशीच धरून थांबले, इथवर काल आपण आलो होतो.

"ताई," ते म्हणाले, "काय लावलंत म्हणालात?"

"मशेरी. तुम्ही विचारलंत ना, सकाळपासून तोंडात काही घातलंय का म्हणून. खाल्लं नाही, पाणीसुद्धा प्यायले नाही. नुसती मशेरी लावली आणि चूळ भरून आले."

भुलीचे डॉक्टर साताऱ्याकडचे. त्यांच्या आजीने जन्मभर तेच केलेलं, त्यामुळे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई मात्र मुंबईत वाढलेल्या. त्या हातमोजे चढवत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "मशेरी म्हणजे मंजनच ना काहीतरी?"

"मंजन कसलं मॅडम," ते म्हणाले, "भाजलेली तंबाखू."

आता मी काही आत नव्हतो. मी बाहेर बाकावर, मांडीवर डबा घेऊन. हे सगळं विनयाने मला नंतर सांगितलं, आणि विनयाने सांगितलं म्हणजे ते अक्षर न अक्षर तसंच झालं असं धरून चाला. का, ते सांगतो. काल जे नव्हते त्यांनाही त्यात सगळं कळेल.

विनया म्हणजे ती टेबलावरची ताई, माझी सून, अल्पेशची बायको. आम्ही वसईजवळच्या निर्मळचे वाडीवाले. थोडी केळी, थोडी भाजी, आणि पोट चालतं ते फुलांवर, मोगरा आणि सोनचाफा. विनया चिपळूणकडची. वडिलांच्या आजारपणात तिचं लग्न लांबलं, तिशी लागता लागता ती आमच्याकडे आली. त्याच वर्षी निर्मळच्या जत्रेत आम्ही फुलांची पाटी मांडली होती. एक बाई आल्या, अंगावर भरपूर सोनं, त्यांनी एक भला मोठा हार उचलला आणि भाव न करता पैसे पुढे केले. आमची नवी नवरी म्हणाली, "तो घेऊ नका बाई, तो कालचा आहे. हा आजचा घ्या, लहान आहे पण ताजा आहे." मी मागे बसून कपाळाला हात लावला. पण पुढच्या वर्षी त्या बाई गर्दीतून शोधत आल्या आणि सोबत चार जणी घेऊन आल्या. तेव्हापासून मी तिच्या धंद्यात बोललो नाही. सांगायचं काय, पोरीला खोटं बोलताच येत नाही. जीभच वळत नाही तिची.

आणि हीच पोर गेली तीन वर्षं डॉक्टरीणबाईंना सांगत होती की मी तंबाखूला हात लावत नाही.

बघा कसं झालं ते. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नाही, तेव्हा ही दोघं वसई पूर्वेला एव्हरशाईन वसाहतीत या बाईंकडे गेली. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, बिडी, सिगारेट, तंबाखू, दारू? विनया म्हणाली, यातलं काही नाही. अल्पेश म्हणाला, वर्षाअखेरीला एखादी बिअर. खरंच त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. आमच्याकडे तंबाखू खाणारा म्हणजे तोंडात तोबरा भरून कोपऱ्यात पिचकारी मारणारा. मशेरी ही काय खायची गोष्ट आहे? तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची. आमच्या लेखी ती घासणी. कोणी तुम्हाला दारू पिता का विचारलं तर तुम्ही खोकल्याच्या औषधाचं नाव सांगता का? तसंच ते.

शिवाय फुलांच्या वाडीत बायका उजाडायच्या आत उठतात. मोगऱ्याची कळी उमलायच्या आधी खुडावी लागते. डोळ्यांवर झोप, हाताला दव, आणि दाढेला मशेरी. झोप उडते, पोट साफ होतं. ही चाल आमची मंडळी राजोडीच्या माहेराहून घेऊन आलेली. मंडळी म्हणजे माझी बायको, नाव गुलाबबाई, पण मी त्या नावाने हाक मारायला घेतो तोवर तीच मला हाक मारते. विनयाने लग्न होऊन आल्यावर ट्रंक उघडली, तर साड्यांच्या वर चिपळूणची डबी. मंडळीने ती हुंगली आणि म्हणाली, "कोनी भाजली? पान चांगलं हाय, पन आच जास्त झाली." झालं, सासू-सुनेचं तिथेच जमलं. दोघी मोगऱ्याच्या ओळीत पाठीला पाठ लावून खुडत, आणि मधल्या वेळी एकच डबी इकडून तिकडे जायची. मी पैजेवर सांगतो, घरात दुसऱ्या कशावरून या दोघींचं इतकं पटलं नसतं.

पहिल्या वेळचं बोलतो, मग परत ऑपरेशनच्या खोलीत जाऊ. पहिल्या वेळी विनयाची अंडी थोडीच मिळाली. बाहेर काचेत फळवून एकच गर्भ धड तयार झाला, तो आत ठेवला आणि धरला नाही. बाईंनी तेव्हाच अल्पेशला पकडलं. त्याचे शुक्राणू मंद होते.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

"टेम्पो चालवतो. फुलं घेऊन दादरला जातो, परत येतो. मग भाजीची फेरी."

"टेम्पोचं इंजिन कुठे असतं?"

"सीटच्या खाली," आमचे चिरंजीव अभिमानाने म्हणाले. "वर गोणपाट टाकतो, नाहीतर चटका बसतो."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं की निसर्गाने पुरुषाची ती वस्तू अंगाबाहेर ठेवलीय ती थंड राहावी म्हणून, आणि तुम्ही रोज अर्धा दिवस तव्यावर बसता. घरी आल्यावर प्रिस्काने, म्हणजे आमच्या शेजारणीने, आठवडाभर त्याला "काय रे, शेकून आलास का?" एवढंच विचारलं. पण पोराने ऐकलं. जुना टेम्पो विकला, इंजिन पुढे असलेला घेतला, भाजीची फेरी बंद केली, बिअर बंद केली. काही महिन्यांनी तपासलं तर त्याच्या बाजूचं बरंच सुधारलेलं. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही सगळे उमेदीत होतो.

आणि त्या दुसऱ्या वेळी अंडी काढायच्या टेबलावर पडल्या पडल्या विनयाने मशेरीचं नाव घेतलं.

अंडी काढायची वेळ टळून चालत नाही, आदल्या इंजेक्शनवर तिचं घड्याळ लागलेलं असतं. पोट रिकामं होतं, म्हणून त्यांनी काम उरकलं. पण विनया शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. तेव्हा अल्पेश आणि मीही आत होतो.

अल्पेश आधी बोलला. बोलू नये ते बोलला. "तू खोटं का सांगितलंस त्यांना?"

विनयाचा चेहरा असा झाला की मला पोराच्या टाळक्यात डबा घालावासा वाटला. "मी खोटं बोलले?" ती म्हणाली. एवढंच. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. पण तो शब्द तिला लागला तो सुईपेक्षा जास्त.

"खोटं नाही बोलल्या त्या," बाई म्हणाल्या. "मी नीट विचारलं नाही. ह्यापुढे मी प्रत्येकीला मशेरी नावाने विचारणार आहे." बाई मोठ्या मनाच्या. मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं, आणि मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मलाही कळलं म्हणजे बघा. मूल राहण्यात बऱ्याच गोष्टी असतात, त्या म्हणाल्या. पहिलं म्हणजे बाईचं वय. ते अडतीस आहे आणि ते मागे फिरत नाही. मग अंडी किती आणि कशी, शुक्राणू कसे, गर्भ किती जोमाचा, गर्भपिशवीचं अस्तर कसं, वजन, साखर, थायरॉईड. आणि सगळं नीट असूनही कधीकधी धरत नाही, त्याचं कारण आम्हालाही सांगता येत नाही. पहिल्या वेळी मशेरीमुळेच गेलं असं मी म्हणणार नाही. पण तंबाखू अंड्यांना मारक, अस्तराला मारक, पुढे बाळाच्या वजनाला मारक. एवढ्या गोष्टींतली ही एक तुमच्या हातातली आहे.

"शेत चांगलं असलं की बी धरतं, असंच ना?" मी आपलं मध्ये बोललो. शेतकऱ्याला दुसरं काय सुचणार?

"बाबा, मी काही शेत नाही," विनया पडल्या पडल्या म्हणाली. "शेताला कोणी मशेरी सोडायला सांगत नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा.

पाच-सहा दिवसांनी बाईंनी परत बोलावलं, तेव्हा ठरलं ते असं. दोन गर्भ चांगले तयार झाले, ते गोठवून ठेवायचे. विनयाने मशेरी पूर्ण सोडायची, नीट सुटली की मगच गर्भ आत ठेवायचा. आणि त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर तिनेच मला सांगितलं, मी मागे बसलो होतो, "बाबा, पुन्हा अंडी काढायला मी जाणार नाही. माझं वय नाही, आणि घराचीही ताकद नाही. हे दोन आहेत, तेवढेच." वारा होता, मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

आता घरी काय झालं ऐका. मंडळी अंगणात तव्यावर पानं भाजत होती. विनयाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मंडळी उलथनं हलवत राहिली.

"कोन म्हनतं? मी मशेरी लावून चार पोरं काढली. एक पन वाया नाय गेलं."

"तुम्ही विशीत काढलीत, आई. मी अडतिशीत बसलेय."

"तवा आमाला डाक्टर पन नव्हता."

"म्हणून कोणी सांगितलं नाही. मला सांगितलंय."

मंडळीने तवा काही उतरवला नाही. मला वाटतं तिला मशेरीपेक्षा ती मोगऱ्याच्या ओळीतली पाठीला पाठ सुटेल याचं भय जास्त होतं. असं ती म्हणणार नाही कधी, मी म्हणतो.

विनयाने दुसऱ्या दिवसापासून सोडली. आणि तिसऱ्या दिवसापासून आमच्या घरात वाघीण फिरायला लागली. डोकं ठणकतंय, हिरड्या शिवशिवतायत, पोट साफ होत नाही, आणि पहाटे मोगऱ्यात उभी राहिली की झोप अशी यायची की एकदा ती झाडाला टेकून झोपली आणि प्रिस्काने तिला हलवून जागं केलं. प्रिस्काची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये नुसता एक पाट आहे. ती ख्रिश्चन, आम्ही हिंदू, पण मशेरीला कसला आलाय धर्म? तीही लावायची.

"विनया," पाटापलीकडून ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात आमचा राखेचा बुधवार. उपवासकाळ लागतो. दरवर्षी मी गोड सोडते, ह्या वर्षी मशेरी सोडते. तू पण धर माझ्याबरोबर. ईस्टरपर्यंत, चाळीस दिवस."

"माझ्याच्याने नाही होणार गं एवढे दिवस."

"एकटीने होत नाही. म्हणून तर आमच्यात सगळे एकदम सोडतात."

राखेच्या बुधवारी प्रिस्का चर्चमधून कपाळाला राख लावून थेट आमच्या अंगणात आली, हातात भाजलेल्या बडीशेपेची डबी. विनयाने तिच्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमची राख कपाळाला, आमची इतकी वर्षं दातांना. तुमचंच बरं, ती पुसता तरी येते."

दोघींनी धरलं. मोगऱ्याचा बहर सुरू झालेला, दोघी पाटाच्या दोन बाजूंनी खुडायच्या आणि मधून बडीशेप फेकायच्या. पण रविवार आला. रविवारी प्रिस्का चर्चमधल्या मिस्सेहून परतली ती जरा लाजतच म्हणाली, "विनया, आमच्यात रविवार उपवासात धरत नाहीत. खरं म्हणजे आज एक बोट चालेल."

तिच्या कमरेला डबी होती. विनयाच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी केळीच्या आडून बघितलं. एक बोट, कोणाला कळणार होतं?

"तुझ्या देवाला रविवार असेल," विनया म्हणाली. "माझे दोघं तिकडे बर्फात आहेत, त्यांना वार माहीत नाहीत."

प्रिस्काने डबी आत सरकवली. पुढे तिनेही रविवार पाळले नाहीत. आणि त्या बाईचा हट्ट बघा, ईस्टर आला, सगळ्यांची तोंडं सुटली, आणि ही म्हणाली, "विनयाचं होईस्तोवर माझा उपवासकाळ चालूच."

पण त्याआधी तव्याची गोष्ट राहिली. उपवासकाळाच्या मध्यावर कधीतरी मंडळीची डबी संपली आणि तिने अंगणात चूल पेटवली. मशेरीचा वास ज्यांना माहीत नाही त्यांना काय सांगू? घसा धरतो, डोळे झोंबतात, आणि ज्याला सवय आहे त्याला तो आईच्या हाकेसारखा ओढतो. विनया घरातून बाहेर आली. तव्याजवळ उभी राहिली. डोळे मिटून तिने तो धूर असा आत ओढला की मला धडकी भरली. मंडळीही उलथनं धरून बघत राहिली.

मग विनयाने पदराने तवा धरला, उचलला आणि पानांसकट विहिरीच्या काठावर नेऊन पालथा केला. नारळाची शेंडी घेतली, चुलीतली राख घेतली आणि घासायला बसली. वर्षानुवर्षांचं काळं होतं ते. घासता घासता तिचे हात सोलवटले. तवा खालून लोखंड दिसेस्तोवर तिने घासला, परत चुलीवर चढवला, घरातून पीठ आणलं आणि त्यावर भाकरी टाकली. पहिली भाकरी कडवट झाली, ती तिने बाजूला ठेवली. दुसरीही. तिसरी मंडळीच्या ताटात वाढली.

"आजपासून हा तवा भाकरीचा," ती म्हणाली. "तुम्हाला लावायची तर लावा, आई. पण माझ्या दारात भाजू नका. मला सहन होत नाही."

मंडळी रागावली. न जेवता उठली आणि तडक प्रिस्काकडे गेली, तिच्या डबीतली एक चिमूट मागायला. थोड्या वेळात परत आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ती म्हनते, काकी, आमचा उपवास हाय." ती परत ताटावर बसली. मग भाकरी खाल्ली. "मीठ कमी हाय," म्हणाली. पण खाल्ली.

ईस्टरनंतर गर्भ ठेवायचा दिवस आला. गोठवलेले दोन बाहेर काढले, त्यातला एक पूर्ववत होताना टिकला नाही. उरला एक. डॉक्टरीणबाईंनी ते लपवलं नाही. पण अस्तर फार छान झालंय, त्या म्हणाल्या, आणि हा एक चांगला आहे. विनयाने पडद्यावर बघितलं, एक पांढरा ठिपका. "मोगऱ्याची कळीसुद्धा एवढी लहान नसते," ती मला म्हणाली.

घरी मंडळीने पलंग तयार ठेवला होता, पायाखाली दोन उशा. हलायचं नाही, शिंकायचं नाही. विनया म्हणाली, बाईंनी सांगितलंय, नेहमीसारखं हिंडाफिरायचं, पडून राहिल्याने काही जास्त धरत नाही. आणि ती पडवीत हार ओवायला बसली. मंडळी तिच्याजवळ बसून राहिली, आणि विनयाला शिंक आली की हिचाच श्वास अडकायचा. रक्त तपासायच्या दिवशी अल्पेशने दवाखान्यातून फोन केला. मी उचलला. तो रडत होता, त्यामुळे मला आधी उलटंच वाटलं. मग विनयाने फोन घेतला. "बाबा, धरलंय," ती म्हणाली. "आईंना सांगा, शिंकले होते तरी धरलंय."

मी वाडीतून जो ओरडत गेलो तो पाटापलीकडे प्रिस्काच्या दारात. ती पापलेट साफ करत होती. तसेच माशाचे हात तिने विनयासाठी वर जोडले.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. नाही. खरी परीक्षा पुढेच होती. विनयाला डोहाळे लागले. चिंचेचे नाही, कैरीचे नाही. सोडलेल्या मशेरीचे. आणि डोहाळे म्हणजे आमच्याकडे हुकूम. पोटुशीची इच्छा मारली तर पोराची लाळ गळते, असं मंडळीच काय, सगळं गाव मानतं. विनयाने महिनोन्‌महिने कोणाला सांगितलं नाही. पण सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, सोनचाफ्याच्या वेण्या, पडवी बायकांनी भरलेली. एकीने विचारलं, "डोहाळे कसले लागले गं?" आणि आमच्या सुनेला खोटं तर बोलता येत नाही.

"मशेरीचे," ती म्हणाली.

बायका हसल्या. मंडळी उठली. तिने कनवटीची डबी काढली. हो, सोडली नव्हती तिने, विहिरीमागे जाऊन लावायची, तीनदा चुळा भरून घरात यायची, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डबी पुढे धरली. "एक बोट घे," ती म्हणाली. "डोहाळा हाय. पोराची लाळ गळंल. आयुष्यभर गळंल."

तिला वाईट करायचं नव्हतं हो. नातवंडासाठीच ती डबी पुढे धरत होती. हेच तर कठीण होतं. शत्रूने दिलं तर माणूस नाही म्हणतो.

विनयाने डबीकडे बघितलं. सगळी पडवी तिच्याकडे बघत होती. तिने सासूचा हात डबीसकट आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आई, लाळ गळली तर मी पदराने पुसेन. वजन कमी भरलं तर ते कशाने पुसू?"

मंडळीने डबी मुठीत धरली. मग वळली आणि पडवी उतरून गेली. आम्हाला वाटलं रागावली. मी मागोमाग गेलो. परसात मिरचीच्या रोपांवर माव्याची कीड पडली होती, आम्ही सगळे उपाय करून थकलो होतो. मंडळीने बादलीत पाणी घेतलं, त्यात अख्खी डबी रिकामी केली, हाताने ढवळली आणि झाडूने मिरच्यांवर शिंपडायला लागली. तिची आई असंच करायची, म्हणाली. दोन दिवसांनी विनयाने तिला हात धरून मिरच्यांपाशी नेलं. पानांवर मावा मरून पडलेला.

"बघा आई," ती म्हणाली, "हे तुम्ही रोज दाताला लावत होतात."

तेव्हापासून मंडळीच्या दाढेला लवंग. तोंडाने कधी कबूल केलं नाही की सोडली. आम्हीही विचारलं नाही.

नाताळाच्या आठवड्यात, गावात घराघरांवर चांदण्या लागलेल्या असताना, विनया प्रसूत झाली. मुलगी. वजन तीन किलोला जरा कमी. तो आकडा मंडळीने सगळ्या निर्मळला सांगितला, देवळात, बाजारात, रिक्षावाल्याला. डॉक्टरीणबाईंनी बाळाला उचलून घेतलं आणि भुलीच्या डॉक्टरांना मुद्दाम बोलावून दाखवलं. "हिचं श्रेय थोडं तुम्हालाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही ती सुई धरून थांबलात." अल्पेश त्या वेळी विनयाच्या उशाशी उभा होता. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मी त्या दिवशी चुकीचं बोललो तुला." ती म्हणाली, "लक्षात आहे माझ्या. आधी लंगोट बदलायला शिका." प्रिस्काने घरच्या केकची थाळी आणली आणि विनयाच्या हातात भाजलेल्या बडीशेपेची तीच जुनी डबी ठेवली. तिचाही उपवास सुटला तो असा, बडीशेपेने. पुन्हा तिने मशेरी धरली नाही.

बारशाला पडवी पुन्हा भरली. त्याच बायका, तोच सोनचाफा. पाळण्याला मोगरा नव्हता, हंगाम नव्हता, पण अल्पेशने कुठूनतरी चार कळ्या आणल्याच. नाव ठेवलं उन्नती. मंडळीने पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव सांगितलं, आणि तिथेच तिला चिकटून बसली. पोरीच्या गालावर तोंड टेकवायचं, बाजूला घ्यायचं, परत टेकवायचं. चारही पोरांच्या वेळी मी तिला असं करताना बघितलं नव्हतं. आणि पोरीची लाळ गळत होती म्हणाल तर, सगळ्याच तान्ह्यांची गळते तेवढी.

बायका पांगायला लागल्या तेव्हा मंडळीने इकडे तिकडे बघितलं. मग लवंग या गालातून त्या गालात घेतली आणि पाळण्याच्या दोरीशी बसलेल्या सुनेला हळूच म्हणाली, पण आमच्या मंडळीचं हळूच म्हणजे पाटापलीकडे प्रिस्काला ऐकू जातं, "विनया, आता तर पोर झाली. चांगली धडधाकट झाली. आन पाजायचं तुला हाय, मला नाय. मग मी आता लावू का गं, सकाळची एक बोट?"

पडवीतल्या सगळ्या बायका थांबल्या. विनयाने पाळण्याची दोरी सोडली नाही, मान वर केली आणि म्हणाली, "लावा की आई, तुम्हाला कोण अडवणार? फक्त त्या तोंडाने माझ्या उन्नतीचा मुका घ्यायचा नाही. आता काय ते तुमचं तुम्ही ठरवा."